काळीवरची शाळा

मुख्याध्यापिका बाईंचं पोस्टकार्ड मला धुळ्याला मार्च महिन्यात मिळालं. नमस्काराच्या ओळीखाली त्यांनी फार काही लिहिलं नव्हतं. दक्षिणेकडच्या कोपऱ्यात भिंत फाटली आहे, गेल्या आठवड्यात फटीत फूटपट्टी जात होती, आज माझा हात गेला. मुलींना मी देवळाच्या ओट्यावर बसवते आहे. आपण यावे.

मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. कचेरीत कुणाला दाखवलं नाही. ती भिंत मीच वर्षभरापूर्वी बांधली होती.

स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. मी नवा ओव्हरसियर होतो, चोवीस वर्षांचा. अमळनेरहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर एक गाव आहे, तिथली मुलींची शाळा हे माझ्याकडे एकट्याकडे सोपवलेलं पहिलं काम. तीन खोल्या, पुढे पडवी, वर मंगलोरी कौलं. त्या गावात मुलींना शाळेत पाठवायची रीत नव्हती. बाई जळगावहून येऊन दारोदार फिरल्या, तेव्हा कुठे चाळीसेक मुली गोळा झाल्या आणि इमारत मंजूर झाली. जागा गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दिली. त्यांना सगळे आबा म्हणत. जागा गावाबाहेर, त्यांच्या कपाशीच्या वावराची कड.

आखणी करायला गेलो तेव्हा आबा बांधावर बसून होते. म्हणाले, "भाऊ, हाई कायी माटी शे. आठे घर टिकत नही. पानी पिस, फुगस. ऊन लागनं का फाटस."

काळी माती पिकासाठी, पांढरी घरांसाठी, काळीवर घर टिकत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण फेब्रुवारी होता. फेब्रुवारीतली काळी वाळून दगडासारखी झालेली असते, पहार मारली तर खण्ण वाजते. मी आबांना समजावलं की आता शास्त्र पुढे गेलं आहे, पाया नीट भरला की काही होत नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. जमीन मात्र त्यांनी दिली.

नियमाप्रमाणे इमारतीच्या दोन टोकांना दोन चाचणीचे खड्डे घ्यायचे होते. मी एकच घेतला, रस्त्याच्या बाजूला. तिथे चार फुटांवर मुरूम लागला. मुरूम म्हणजे पिवळसर, भरड, भरवशाची जमीन. त्यावर कितीही वजन ठेवा, हलत नाही. दुसरा खड्डा घ्यायला आणखी दोन दिवस राहावं लागलं असतं, आणि धुळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी अहवालात लिहिलं, दोन्ही टोकांना चार फुटांवर मुरूम. सगळा पाया चार फूट खणला आणि घाईघाईनं जोतं वर आणलं.

पहिला पावसाळा शाळा छान उभी होती. म्हणूनच त्या कार्डानं मला जास्त धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी गावात पोचलो. बाई मला आधी देवळाच्या ओट्यावर घेऊन गेल्या नाहीत, सरळ कोपऱ्यापाशी नेलं. त्या पस्तिशीच्या, उंच, नऊवारीतल्या, कमी बोलणाऱ्या. भिंतीला खालपासून कौलांपर्यंत तिरकी फट गेली होती, जिन्यासारखी, विटेविटेतून पायऱ्या घेत. खालून बारीक आणि वर रुंद. बाहेरचा उजेड वर्गात येत होता. शेवटच्या खोलीचं दार चौकटीत अडकून बसलं होतं. जमिनीवर पाटीएवढा गिलाव्याचा तुकडा आणि दोन विटा पडल्या होत्या, आणि त्या आधी आदळल्या होत्या बाकावर. बाक मधोमध मोडला होता.

"कधी पडल्या?" मी विचारलं.

"रविवारी," बाई म्हणाल्या. "सोमवारी त्या बाकावर चार जणी बसतात."

मी तिथेच जमिनीवर बसलो. बाईंनी पाणी आणून दिलं. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट त्यांना दुसरीच काळजी होती. विटा पडल्याची बातमी गावभर झाली होती आणि चाळीसमधल्या अकराच मुली आता येत होत्या. उरलेल्यांचे वडील म्हणत होते, आधी भिंत धड करा, मग पोरी धाडू. बाईंना माहीत होतं की ज्या मुली उन्हाळाभर घरी बसतील त्या जूनमध्ये परत यायच्या नाहीत. त्यांना कामाला लावतील, नाहीतर लग्न ठरवतील. "मला इमारत जूनच्या आत हवी," एवढंच त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी ठरवलं की साहेबांना सगळं सांगायचं. धुळ्याला पोचेपर्यंत तीनदा ठरवलेलं मोडलं.

आमचे साहेब निवृत्तीला आलेले इंजिनियर होते. डोक्यावर काळी टोपी, हातात वेताची काठी, आणि नकाशा वाचताना चष्मा कपाळावर चढवायची सवय. त्यांनी माझा जुना अहवाल मागवला, टेबलावर पसरला आणि बोट ठेवून विचारलं, "दक्षिणेचा खड्डा कुणी मोजला?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "तो खड्डा घेतलाच नाही, साहेब. मी तसाच आकडा लिहिला."

कचेरीत पंखा नव्हता. घाम माझ्या मानेवरून पाठीवर उतरत होता. साहेबांनी अहवालाची घडी घातली. मला वाटलं आता नोकरी गेली. ते म्हणाले, "मग आता घ्या. उद्या मीही येतो." पुढे म्हणाले, "तुमच्या चुकीची नोंद मी करणार आहे. पण आधी शाळा उभी करू."

ती नोंद त्यांनी खरोखरच केली, आणि माझी बढती तिच्यामुळे दोन वर्षं मागे पडली. तरीही त्या दुपारी कचेरीतून बाहेर पडताना माझ्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं होतं. लपवायला काही उरलं नव्हतं.

दक्षिण कोपऱ्याजवळ आम्ही खड्डा घेतला. खणायला वडारांची टोळी आणली होती. त्यांचा मुकादम पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस होता आणि मातीचा वास घेऊन खोली सांगायचा. वरचे चार फूट जमीन भेगांनी फाटलेली. एका भेगेत साहेबांनी काठी घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. त्याखाली माती ओलसर, साबणासारखी. सहा फूट झाले, आठ झाले, काळी संपेना. बारा फुटांवर मुकादमाची पहार वेगळी वाजली. मुरूम होता, पण बारा फुटांवर. रस्त्याकडून इकडे येताना तो उतरत गेला होता. म्हणजे माझी अर्धी इमारत पक्क्या जमिनीवर बसली होती आणि अर्धी काळीवर. पक्की बाजू जागेवर राहिली, काळीवरची पावसात वर उचलली गेली आणि उन्हात खाली बसली.

साहेब इमारतीभोवती एक फेरी मारून आले. पूर्वेच्या भिंतीलगत मुलींनी झेंडू आणि अबोलीचे वाफे केले होते आणि रोज घागरींनी पाणी घालत होत्या. दक्षिणेच्या कोपऱ्याशी जुनी बाभूळ होती, ती जमिनीतला ओलावा शोषून घेत होती. "एका बाजूनं पाजताय, दुसऱ्या बाजूनं सुकवताय," साहेब म्हणाले. "मधली भिंत बिचारी काय करील?"

बाईंचा चेहरा उतरला. वाफे त्यांनीच करवून घेतले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलींना घेऊन झेंडूची रोपं मुळांसकट उपटली आणि कुंपणाजवळ नेऊन लावली. बाभूळ आबांनी तोडून दिली.

कोपऱ्याचा उपाय सरळ होता. भिंतीखालून थोडं थोडं खणत मुरमापर्यंत जायचं आणि खालून दगड-चुन्याचा भक्कम पाया वर आणून जुन्या पायाला भिडवायचा. पण सगळ्या इमारतीखाली असं करायला पाऊस तोंडावर येईपर्यंत वेळ पुरणार नव्हता. कोपरा सोडून उरलेल्या भिंतींखालची काळी फुगायची आणि आकसायचीच. तिचं काय करावं हे साहेबांनाही लगेच सुचलं नाही. वाळू भरून बघू, म्हणाले, आणि धुळ्याला परतले.

ते उत्तर आम्हाला चुन्याच्या घाणीवर मिळालं.

शाळेच्या मागे चुना मळायची घाणी मांडली होती. गोल दगडी चर, त्यात बैलानं फिरवायचं जड चाक. गावातलं एक जोडपं ती चालवत होतं. नवरा बैल हाकायचा आणि बायको फावड्यानं चुना-वाळू चरात ढकलायची. तिला मी अक्का म्हणायचो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी अवकाळी सर आली, तासभर कोसळली. सर थांबल्यावर मी घाणीकडे निघालो, तर दहा पावलांत वहाणांना काळ्या चिखलाचे असे लोंदे चिकटले की पाय उचलवेना. अक्का मात्र घाणीभोवती अनवाणी सहज फिरत होती.

मला पाहून ती म्हणाली, "भाऊ, आठे येवा. आठली माटी पायले चिकटत नही."

मी खाली वाकून पाहिलं. घाणीभोवती सांडलेलं चुन्याचं पाणी तीन आठवडे त्या मातीत मुरत होतं. तिथली काळी आता तशी काळी राहिली नव्हती, राखाडी आणि रवाळ झाली होती. उन्हात तिला भेगाही पडल्या नव्हत्या. अक्कानं हे आधीच पाहिलं होतं. मागच्या वर्षी दुसऱ्या गावी घाणी होती तिथेही असंच झालं होतं, असं ती म्हणाली. कुणी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

मी दोन घमेली घेतली. एकात नुसत्या काळीचे चार गोळे, दुसऱ्यात चुना मिसळून मळलेल्या काळीचे चार. पाच दिवस उन्हात वाळवले. साध्या गोळ्यांना तडे गेले, चुन्याचे अखंड राहिले. मग दोन्हींत पाणी ओतलं. बाई आणि त्यांच्या अकरा मुली भोवती उभ्या होत्या. साधे गोळे बघता बघता फुगले, सुटले आणि घमेल्याच्या तळाशी त्यांचा गाळ झाला. चुन्याचे गोळे पाण्यात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीही बसलेले होते. एका मुलीनं पाण्यात हात घालून एक गोळा दाबून पाहिला आणि बाईंकडे बघून मान हलवली.

मी साहेबांना तार केली नाही, स्वतःच धुळ्याला गेलो आणि एक गोळा फडक्यात बांधून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, गोळा नखानं खरवडला आणि विचारलं, "हे कुणाला सुचलं?" मी अक्काचं सांगितलं. चुन्यानं चिकणमाती बदलते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी परवानगी दिली.

एप्रिल आणि मे आम्ही दोन्ही कामं एकदम चालवली. इमारतीभोवती सहा फूट रुंदीची आणि आत फरशीखालची काळी तीन फूट खोल खणून काढली, ढेकळं फोडली, त्यात चुना मिसळला, पाणी शिंपडलं आणि थराथरानं पुन्हा भरली. प्रत्येक थर धुमसानं चोपायचा. गावातल्या आठ-दहा बाया धुमस चालवत होत्या. अक्का चुन्याचं माप बघायची. कुणी घमेलं कमी टाकलं की ती लांबून ओळखायची आणि परत टाकायला लावायची. सगळी इमारत अशी न फुगणाऱ्या मातीच्या पट्ट्यात बसली की वरचं पाणी खाली उतरणार नाही आणि खालची ओल उन्हानं उडणार नाही, असा साहेबांचा हिशेब होता.

कोपऱ्याचं काम मात्र भीतीचं होतं. उभ्या भिंतीखालून खणायचं. एका वेळी चार फूट लांबीचाच तुकडा घ्यायचा, तो खालपासून बांधून झाला की शेजारचा सोडून पलीकडचा. पहिले दोन तुकडे नीट झाले. तिसऱ्यात मुकादम दहा फुटांवर उतरलेला असताना वरच्या भिंतीतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि फटीतून चुन्याची पूड गळायला लागली. मी ओरडून त्याला वर बोलावलं. तो आला, अंगावरची माती झटकली आणि भिंतीला तळहात लावून उभा राहिला. आम्ही बाभळीचे आणखी चार वासे आणून टेकू दिले. पुन्हा खाली उतरायला टोळीतलं कुणी तयार होईना. ते चूक नव्हते. भिंत माझी होती, म्हणून मी सदरा काढला आणि शिडीला हात घातला.

मुकादमानं माझा दंड धरला. "तुम्हाला खणता येत नाही, साहेब. तुम्ही वर थांबा, ओळंब्यावर नजर ठेवा. हलला तर सांगा."

तो उतरला. मी भिंतीवरून सोडलेल्या ओळंब्याच्या दोरीपुढे गुडघ्यांवर बसून राहिलो, पापणी न लववता. खालून फावड्याचा आवाज येत होता तोवर मला श्वास घेता येत होता. दोरी हलली नाही. संध्याकाळपर्यंत त्या तुकड्यात मुरमापासून कमरेएवढा दगड बांधून झाला. मुकादम वर आला तेव्हा बाईंनी सगळ्यांसाठी गुळाचा चहा केला होता. मी माझा कपही त्याला दिला.

मृगाच्या आधी चार दिवस काम संपलं. फट बुजवली, दार नवीन बसवलं आणि बुजवलेल्या फटीवर मी पाच ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या गिलाव्यानं चिकटवल्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. मुलींना मी काचा दाखवल्या आणि हात लावू नका म्हणून बजावलं. जूनमध्ये एकतीस मुली परत आल्या. एकतीस, चाळीस नव्हे. बाई उरलेल्या नऊ घरी पुन्हा पुन्हा जात राहिल्या. त्यांतल्या सहा जणी दिवाळीनंतर आल्या, तिघी कधीच आल्या नाहीत.

पावसाळाभर बाईंचं दर पंधरवड्याला कार्ड यायचं. काचा शाबूत. काचा शाबूत. ऑक्टोबरमध्ये आलं, एक काच फुटली आहे. मी मिळेल त्या गाडीनं गेलो, बसथांब्यापासून शाळेपर्यंत जवळजवळ पळत. काच खरंच फुटलेली होती, पण मधोमध, एकाच जागी, चांदणीसारखी, आणि खालची फट बुजलेली ती तशीच बुजलेली. मी भिंतीला गाल लावून पाहत होतो तेव्हा मागून एक मुलगी पुढे आली आणि म्हणाली की काच खरी आहे की खोटी ते बघायला तिनं पाटीचा कोपरा मारला होता. बाई तिला रागावणार होत्या. मी म्हणालो, राहू द्या बाई. मला इतकं हसू येत होतं की पुढचं बोलता आलं नाही.

पण खरी परीक्षा उन्हाळ्याची होती. पावसात भिजलेली काळी एप्रिलमध्ये फाटते, तेव्हा कळायचं होतं. एप्रिलच्या शेवटी मी गेलो. वाटेत दोन्हीकडच्या वावरांत हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि मी प्रत्येक भेगेकडे बघत चाललो होतो. शाळा सकाळची होती. वर्ग चालू होते. भेगा आबांच्या कपाशीच्या रानातून शाळेकडे आल्या होत्या आणि चुन्याच्या पट्ट्याच्या काठाशी थांबल्या होत्या. चार जुन्या काचा आणि पाचवी नवी, पाचही अखंड. शेवटच्या खोलीचं दार मी एका बोटानं ढकललं. ते उघडलं.

आबा काठी टेकत आले. त्यांनी भिंतीभोवती सावकाश एक फेरी घातली, पट्ट्यावर टाच आपटून पाहिली. ते मला काय म्हणतात याची मी वर्षभर धास्ती घेतली होती. मीच आधी म्हणालो, "आबा, तुमचं खरं होतं. मी ऐकलं नाही."

आबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. म्हणाले, "तुम्हनी घानीवाली बाईले इचारीसन सांगा, मन्हा कोठारले कितला चुना लागी?"

त्यांना धान्याचं कोठार बांधायचं होतं, तिथेच, काळीवर. मी म्हणालो, आधी दोन खड्डे घेऊ, मग सांगतो. ते हसले आणि अक्काच्या घराकडे वळले.

परतीची गाडी साडेबाराची होती. अजून दीड तास होता, म्हणून मी पडवीत भिंतीला टेकून बसलो. आत बाई मुलींकडून पाढे म्हणवून घेत होत्या. फरशी गार होती. कार्ड मिळाल्यापासून तेरा महिने मी धड झोपलो नव्हतो हे तिथे बसल्यावर मला कळलं. डोळे कधी मिटले ते समजलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं पश्चिमेला कलली होती, शाळा केव्हाच सुटली होती आणि गाडी निघून गेली होती. माझ्या डोक्याखाली कुणीतरी घडी घातलेलं गोणपाट सरकवलं होतं. शेजारी झाकलेल्या ताटात भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. मी उठून हातपाय धुतले आणि पोटभर जेवलो. पुढची गाडी पाच वाजता होती, आणि मला कसलीही घाई नव्हती.